हिब्रू बायबलमधल्या कथेची बांधणी कशी वाचावी

उत्पत्ती हे हिब्रू बायबलचे, म्हणजे जुन्या कराराचे, पहिले पुस्तक. त्याच्या ३९व्या अध्यायात योसेफ हा पोटीफरच्या घरातला गुलाम आहे; पोटीफरची बायको त्याचे वस्त्र धरते, तो ते सोडून पळतो आणि ती त्याच्यावरच आरोप करते. हा एकच प्रसंग तीनदा येतो. आधी निवेदक सांगतो, मग पोटीफरची बायको घरच्या माणसांना सांगते, आणि नवरा घरी आल्यावर त्याला पुन्हा सांगते. तिसऱ्या खेपेला वाचणाऱ्याची नजर आपसूक पुढे सरकते. वाचून झालेलेच आहे ना! पण कथाकाराची खरी कारागिरी त्याच तिसऱ्या खेपेत असते. हिब्रू कथा वर्णनावर शब्द खर्च करत नाही. योसेफ देखणा होता एवढे एक वाक्य मिळते. घर कसे होते, बाईच्या मनात काय चालले होते, यातले काही नाही. जे सुचवायचे ते पुनरुक्तीतून, क्रमातून आणि एखाद्या बदललेल्या शब्दातून सुचवलेले असते. ते वगळून वाचले तर निम्मी कथा हाती लागतच नाही.

पुढची पद्धत पाच-सहा जणांच्या वाचनगटासाठी आहे. मराठीचे विद्यार्थी, कीर्तन-प्रवचन करणारे, चर्चमधले बायबल-गट, कोणालाही ती वापरता येईल. एकट्याने बसलात तरी चालते, वेळ मात्र जास्त लागतो. हिब्रू आलेच पाहिजे असे नाही. श्रद्धेचा प्रश्न इथे मध्ये येत नाही. माणूस देऊळवाला असो, इगर्जीतला असो की कुठलाच नसो, ओळी सगळ्यांना सारख्याच दिसतात.

पाठ कोणता घ्यावा

गोव्यातल्या गटाला एक फायदा आयता मिळतो. एकाच टेबलावर कोणाकडे मराठी बायबल असते, कोणाकडे रोमी कोंकणीतले, कोणाकडे इंग्रजी. तिन्ही उघडी ठेवा. मराठीत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की तो खटकतो, असे आपल्याला निबंधाच्या वहीपासून शिकवलेले असते, आणि भाषांतरकारही त्याच शाळेतून आलेले असतात. त्यामुळे हिब्रूतला एकच शब्द मराठीत एकदा ‘हाती’, एकदा ‘स्वाधीन’, एकदा ‘ताब्यात’ असा वेगवेगळ्या वेशांत भेटू शकतो. तीन भाषांतरांपैकी एकात जरी पुनरुक्ती टिकलेली दिसली, तरी तिथे शंका घेऊन थांबायचे.

शंका पडताळायला स्ट्राँगचे क्रमांक वापरा. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९०च्या शब्दसूचीत प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक दिलेला आहे आणि मोबाइलवरच्या फुकट बायबल अॅपमध्ये तो बोट ठेवताच दिसतो. ‘हात’ या अर्थाच्या शब्दाचा ३०२७, ‘सोडणे’चा ५८००, ‘वस्त्र’चा ८९९. दोन ओव्यांत (बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या वचनांना इथे ओवी म्हटले आहे) मराठी शब्द वेगळे असले तरी क्रमांक एकच असेल तर हिब्रूत शब्द एकच आहे. उलटी फसगतही होते. एकाच धातूपासून निघालेल्या नामाला आणि क्रियापदाला ही सूची वेगळे क्रमांक देते. ‘वीट’ आणि ‘विटा पाडणे’ हिब्रूत सख्खी भावंडे आहेत, पण क्रमांक ३८४३ आणि ३८३५. तेव्हा क्रमांक वेगळा म्हणून लगेच पाणी सोडू नका, शेजारचा अक्षरांचा सांगाडाही पाहा.

गोव्यात हा विषय निघाला की फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण कोणीतरी पुढे करतोच, आणि ते योग्यच आहे. १६१६ साली रायतूरला छापलेल्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथा मराठी ओवीत आल्या आहेत. पण ते पुनर्कथन आहे, भाषांतर नव्हे. ओवीला यमक लागते, ओघ लागतो. मूळ कथेतला शब्द जिथल्या तिथे राहील ही अपेक्षा तिथे चुकीची. म्हणून खुणा करण्यासाठी ते घेऊ नका. खुणा करून झाल्या की मग उघडा: कोणती पुनरुक्ती ओवीकाराने ठेवली, कोणती गाळली, कुठे उपदेश घातला, हे पाहण्यात एक आख्खी बैठक छान जाते.

आणखी एक. अध्यायांचे आकडे मूळचे नाहीत. ते तेराव्या शतकात पडले. सृष्टीच्या कथेचा सातवा दिवस पहिल्या अध्यायातून निसटून २:१-३ मध्ये (अध्याय २, ओव्या १ ते ३) जाऊन बसला आहे तो त्यामुळेच. ओव्यांच्या आकड्यांतही घोळ असतो: योनाला मासा गिळतो ती ओवी इंग्रजी वळणाच्या आवृत्त्यांत १:१७ आहे, हिब्रूत २:१. गटात दोन आवृत्त्या असतील तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर अर्धा तास ‘माझ्याकडे ती ओवी नाहीच’ यात जातो. संपादकांनी घातलेली उपशीर्षके (‘योसेफावर खोटा आरोप’ वगैरे) छापण्यापूर्वी काढून टाका. ती वाचली की बांधणी आधीच ठरल्यासारखी होते.

कागदावर काय करायचे

ए-फोर कागद आडवा धरा. एका ओळीत एक क्रिया, एवढ्या मापाने पाठ तोडून लिहा. ओवी म्हणजे एक ओळ असे करू नका. एका ओवीत चार क्रिया असू शकतात आणि बांधणी त्यांच्यामध्ये दडते. डावीकडे चार बोटे समास सोडा. दोन ओळींत दीडपट अंतर ठेवा, खुणा मावल्या पाहिजेत. वीस-पंचवीस ओव्यांचे साधारण दोन-तीन कागद होतात.

मग एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी नुसते ऐकायचे. पेन्सिल खाली. वाचणाऱ्याला एक ताकीद: जसे छापले आहे तसेच वाचा. प्रवचनाची सवय असलेली मंडळी नकळत पुनरुक्ती गाळतात, ‘आणि मग त्याने तसेच केले’ म्हणून पुढे जातात. तीच तर आपल्याला हवी असते.

दुसऱ्या वाचनाला चार पेन्सिली घ्या. निळी पुन्हा आलेल्या शब्दांसाठी. हिरवी जागा, वेळ आणि कोण आत आले, कोण बाहेर गेले यासाठी. साधी काळी संवादाभोवती कंस घालायला: कोण कोणाशी बोलतो, आणि बोलणे कुठे संपते. लाल सर्वांत शेवटी, ज्या ठिकाणी पुनरुक्ती झाली पण शब्द बदलला, क्रम बदलला किंवा काही गळले, तिथे. हिब्रूत कथेतले बहुतेक प्रत्येक वाक्य ‘आणि’ने सुरू होते आणि ‘म्हणाला’ पावलोपावली येतो. त्यांना निळे करू नका, कागद नुसता निळा होईल.

हिरव्या खुणा झाल्या की प्रसंग आपोआप सुटे होतात. जागा बदलली, वेळ बदलली, पात्र बदलले: तीनपैकी दोन गोष्टी एकदम बदलल्या तर तिथे नवा प्रसंग धरा. एकच बदलली तर समासात प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे चला.

एक अध्याय जवळून: योसेफ आणि वस्त्र

उत्पत्ती ३९ मध्ये २३ ओव्या आहेत. निळी पेन्सिल फिरवली की पहिली गोष्ट दिसते ती दोन टोकांची: परमेश्वर योसेफाबरोबर होता आणि जे तो करी त्यात यश देत होता, हे ३९:२-३ मध्ये आहे आणि तसेच ३९:२१ व २३ मध्ये. सुरुवातीला योसेफ पोटीफरच्या घरात, शेवटी तुरुंगात. परिस्थिती खाली घसरली आहे, वाक्य तेच आहे. अशा दोन टोकांच्या चौकटीत काय बदलले आणि काय नाही, हे दोन स्तंभांत लिहून काढा. चौकट नुसती दाखवून थांबणारे वाचक पुष्कळ. तिच्या आतला हा फरक लिहिला तरच तिचा उपयोग.

आता ‘हात’. हिब्रूत तो या अध्यायात नऊदा येतो: ओव्या १, ३, ४, ६, ८, १२, १३, २२ आणि २३. इश्माएली व्यापाऱ्यांच्या हातून योसेफ विकत घेतला जातो, त्याच्या हाती सगळे यशस्वी होते, मालक सगळे त्याच्या हाती देतो, शेवटी तुरुंगाधिकारीही. ओवी ६ आणि १२ शेजारी ठेवा. सहाव्या ओवीत मालकाने आपले सर्वस्व योसेफाच्या हाती सोडले. बाराव्यात योसेफाने आपले वस्त्र तिच्या हाती सोडले. क्रियापद तेच, ५८००. ज्याच्या हाती घर सोपवले होते त्याच्याजवळ अंगावरचे वस्त्रही उरले नाही.

लाल पेन्सिलीचे काम इथून सुरू होते. निवेदकाचा क्रम असा: तिने वस्त्र धरले, त्याने ते तिच्या हातात सोडले, तो पळाला, ते पाहून तिने माणसांना हाक मारली (१२-१४). तिच्या तोंडी क्रम उलटा होतो: तो आला, मी ओरडले, ते ऐकून त्याने वस्त्र सोडले आणि पळाला (१४-१५). ओरडणे पुढे आणले की आरोप उभा राहतो. आणि ‘हात’? तिच्या दोन्ही कथनांतून तो शब्द गायब आहे. वस्त्र ‘माझ्या हातात’ नव्हे, ‘माझ्याजवळ’ सोडले असे ती म्हणते (१५ आणि १८, क्रमांक ६८१). हातात म्हटले तर पकडले कोणी, हा प्रश्न येतो. जवळ म्हटले की वस्त्र नुसता पुरावा होते. गंमत म्हणजे १६व्या ओवीत निवेदकही तोच शब्द उचलतो: नवरा येईपर्यंत तिने ते वस्त्र आपल्याजवळ ठेवले. तिने रचलेले दृश्य तिने कसे जपून ठेवले हे त्याने एका शब्दात सांगितले, टीका न करता.

आता नोकरांना सांगितलेले आणि नवऱ्याला सांगितलेले यांची तुलना करा. नोकरांपुढे योसेफ ‘हिब्रू माणूस’ आहे, आणि त्याने ‘आपली’ अप्रतिष्ठा केली; परका विरुद्ध आपण सगळे अशी फळी ती बांधते. नवऱ्यापुढे तोच ‘तुम्ही आणलेला हिब्रू गुलाम’ होतो. आता ‘आपली’ जाऊन ‘माझी’ येते, आणि ‘माझ्यापाशी निजायला आला’ हे शब्दही गळतात. दोष निम्मा नवऱ्याच्या पदरात. एवढे सगळे तीन-चार शब्दांच्या अदलाबदलीत आहे. ही तुलना करताना तीन स्तंभांचा तक्ता आखा (निवेदक, नोकरांपुढे, नवऱ्यापुढे) आणि रिकामी राहिलेली चौकोनेही मोजा. गळलेले शब्द ओळींत दिसत नाहीत, तक्त्यात दिसतात.

‘हात’ हा शब्द हिब्रू बायबलमध्ये दीड हजारांहून जास्त वेळा येतो. म्हणून नुसते ‘नऊदा आला’ म्हणणे काही सिद्ध करत नाही. तो कोणाच्या बोलण्यात येत नाही, हे इथले खरे निरीक्षण आहे.

आरशातली रचना, आणि तिचा मोह

कथेची पहिली ओळ शेवटच्या ओळीशी, दुसरी शेवटून दुसरीशी, असे जुळत जुळत मध्याला येणे ही हिब्रू कथनाची आवडती रीत. शिकायला सर्वांत सोपा पाठ बाबेलच्या बुरुजाचा, उत्पत्ती ११:१-९. नऊच ओव्या, एक बैठक पुरते. मांडणी अशी येते:

क. सगळ्या पृथ्वीची एक भाषा (१)
ख. तिथे (२)
ग. एकमेकांना म्हणाले (३)
घ. चला, विटा पाडू (३)
च. आपल्यासाठी बांधू (४)
छ. नगर आणि बुरूज (४)
ज. परमेश्वर पाहायला खाली उतरला (५)
छ. नगर आणि बुरूज (५)
च. माणसांनी बांधलेले (५)
घ. चला, घोटाळा करू (७)
ग. एकमेकांची भाषा (७)
ख. तिथून (८)
क. सगळ्या पृथ्वीची भाषा (९)

‘विटा पाडू’ आणि ‘घोटाळा करू’ या दोन हिब्रू क्रियापदांत ल, ब, न ही व्यंजने उलटसुलट होऊन येतात. माणसांची ‘चला’ ही हाक आणि देवाची ‘चला’ ही हाक समोरासमोर. आणि ज्यांचे टोक आकाशाला भिडवायचे होते, ते बघायला देवाला खाली उतरावे लागते. मध्यावर बसवलेला हा टोमणा आहे.

इथे टाळ्या पडतात आणि गट थांबतो. थांबू नका. आता उरलेल्या ओळी मोजा. सहावी ओवी (हे एकच लोक, एकच भाषा, आता यांना काही अशक्य नाही) या आराखड्यात कुठे बसली? कुठेच नाही. ‘विखुरणे’ हा शब्द चौथ्या, आठव्या आणि नवव्या ओवीत आहे, तोही बाहेर राहिला. ‘नाव’ चौथ्या ओवीत माणसांना कमवायचे आहे आणि नवव्यात नगराला ‘बाबेल’ हे नाव पडते, तेही बाहेर. म्हणजे आरसा खरा आहे, पण त्याच्यावरून आणखी एक धागा सरळ रेषेत जातो: विखुरण्याची भीती, मग विखुरणे, नावाची हाव, मग नाचक्कीचे नाव. दोन्ही एकाच कागदावर काढा, वेगळ्या रंगात.

या रचनेच्या नादाला लागलेल्या वाचकांच्या हातून ज्या चुका होतात त्या बहुतेक एकाच कारणाने होतात: जोडीला नाव देताना पाठातला शब्द न घेता स्वतःचे शीर्षक देणे. ‘मानवी अहंकार’ समोर ‘दैवी न्याय’ असे लिहिले की कुठल्याही पानाचा आरसा करता येतो, वीजबिलाचासुद्धा. म्हणून नियम कडक ठेवा. जोडीच्या दोन्ही बाजूंना पाठातला तोच शब्द, किंवा निदान तोच धातू, असला पाहिजे; तसा शब्द नसेल तर ती जोडी पेन्सिलीने लिहा, शाईने नको. दोन बाजूंची लांबी पाहा, कारण एका बाजूला वीस ओव्या आणि दुसऱ्या बाजूला अर्धी, ही जोडी नव्हे. एक-चतुर्थांशाहून जास्त ओळी आराखड्याबाहेर उरत असतील तर आराखडा सोडून द्यावा, असे आमचे मत. आणि मध्यावर जे येते तोच कथेचा ‘संदेश’ असे धरून चालू नका. कधी तिथे वळण असते, कधी बाबेलसारखा उपहास.

जलप्रलयाची कथा (उत्पत्ती ६-९) या बाबतीत चांगली परीक्षा घेते. दिवसांचे आकडे असे येतात: ७, ७, ४०, १५०, मग १५०, ४०, ७, ७, आणि बरोबर मध्ये ८:१, देवाने नोहाची आठवण केली. फार सुरेख दिसते. पण नीट पाहा. पहिले दोन सात (७:४ आणि ७:१०) हे एकाच आठवड्याचे दोन उल्लेख आहेत, एकदा सांगताना आणि एकदा पूर्ण झाल्यावर. आणि ८:१० मध्ये ‘आणखी सात दिवस’ थांबला असे आहे, म्हणजे त्याआधीही एक थांबणे गृहीत आहे, जे आकड्यांत धरलेले नाही. एवढ्यावरून सगळे मोडीत निघत नाही, कारण ८:१ च्या दोन्ही बाजूंना पाणी चढणे आणि उतरणे हे शब्दांतही समोरासमोर आहे. फक्त आकड्यांची माळ ओवताना दोन मणी एकाच जागचे आहेत, हे तक्त्याखाली लिहून ठेवा. याच कथेत प्राण्यांची एकेक जोडी (६:१९-२०) आणि शुद्ध प्राण्यांच्या सात (७:२) असे दोन हिशेब आहेत. बरेच अभ्यासक त्यामुळे इथे दोन कथा एकत्र विणल्या आहेत असे मानतात. आरसा सापडला म्हणून तो वाद सुटत नाही. शेवटच्या हाताने मांडणी अशी केली, इतकेच आरसा सांगतो.

प्रत्येक सुबक रचना आरसाच असते असेही नाही. उत्पत्ती १ चे सहा दिवस दोन फळ्यांत मांडा: पहिल्या तीनांत प्रकाश, आकाश आणि पाणी, जमीन, दुसऱ्या तीनांत त्यांचे रहिवासी, त्याच क्रमाने, म्हणजे ज्योती, पक्षी-मासे, जनावरे आणि माणूस. हे समांतर आहे. आरसा शोधत बसलात तर सापडणार नाही.

ठरलेले प्रसंग

पेडणे-सत्तरीकडे दहीकाला (दशावतारी नाटक) पाहणाऱ्याला गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर हा क्रम पाठ असतो. त्यामुळे एखाद्या मंडळीने संकासुराचा प्रवेश आटोपता घेतला की प्रेक्षकांत लगेच कुजबुज होते. विहिरीवरची भेट हा हिब्रू कथेतला तसाच ठरलेला प्रवेश आहे. साचा असा: माणूस परमुलखात जातो, विहिरीवर मुलगी भेटते, कोणीतरी पाणी काढते, मुलगी धावत घरी सांगायला जाते, पाहुण्याला जेवण, मग लग्न. याचे आडवे रकाने करा आणि उभ्या ओळींत उत्पत्ती २४, उत्पत्ती २९, निर्गम २:१५-२१ घाला.

भरताना रस वाटतो तो फरकांत. उत्पत्ती २४ मध्ये नवरामुलगा इसहाक विहिरीवर नाहीच, अब्राहामाचा सेवक आला आहे, आणि दहा उंटांना पाणी रिबका काढते. पुढच्या अध्यायांतही इसहाक असाच मागे राहणारा आणि रिबका सूत्रे हलवणारी. उत्पत्ती २९ मध्ये याकोब स्वतः विहिरीच्या तोंडावरचा धोंडा लोटतो. त्याचा सगळा जन्म पुढे झटापटीत जातो. निर्गमात मोशे आधी दांडगट मेंढपाळांना हुसकावतो, मग पाणी काढतो; मुली एक नव्हे, सात आहेत, आणि लग्नाची बाब एका ओवीत उरकते. त्याची भूमिका सोडवणाऱ्याची, ती इथेच ठरते.

१ शमुवेल ९:११ मध्ये शौलाला पाणी भरायला निघालेल्या मुली भेटतात. साचा माहीत असलेला वाचक सावरून बसतो. पण शौल द्रष्टा कुठे आहे एवढे विचारून पुढे जातो, प्रवेश अर्धवट मोडतो. हे मुद्दाम केले की योगायोग, यावर मतभेद होतील. समासात प्रश्नचिन्ह ठेवा. रूथ २:९ मध्ये साचा उलटा आहे: परकी आहे ती बाई, आणि पाणी काढून ठेवले आहे गड्यांनी.

विहीर आणि बाई दिसली की हाच साचा, असे मात्र नाही. हागारेच्या कथेतही झरा आणि विहीर आहे (उत्पत्ती १६ आणि २१), पण तो वाळवंटात जीव वाचण्याचा प्रसंग आहे. वरच्या सहापैकी पाण्याखेरीज काहीच जुळत नाही. सहापैकी निदान चार रकाने भरत नसतील तर ओळ खोडा.

तीन अधिक एक हा साचा फार लवकर ओळखता येतो, त्यावर वेळ घालवू नका. तीनदा एकसारखे, चौथ्यांदा वेगळे: शमशोन दलीलेला तीनदा खोटे सांगतो आणि चौथ्यांदा खरे (शास्ते १६), बाळ शमुवेल तीनदा एलीकडे धावतो आणि चौथ्यांदा जागीच उत्तर देतो (१ शमुवेल ३), योथामाच्या गोष्टीत जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राजा व्हायला नकार देतात आणि काटेरी झुडूप तयार होते (शास्ते ९). चौथ्या वेळेचे शब्द लाल करा.

लांब पल्ल्याच्या खुणा

एका अध्यायापुरते हात बसला की मग दूरचे धागे. शास्ते या पुस्तकात एक सूत्र फिरत राहते: लोकांनी वाईट केले, शत्रूच्या हाती दिले गेले, त्यांनी टाहो फोडला, तारणारा उभा राहिला, देशाला स्वास्थ्य मिळाले. अथनिएलाच्या कथेत (३:७-११) सूत्र पूर्ण आहे. तीच मोजपट्टी समजा. मग प्रत्येक शास्त्यापुढे पाच चौकोन काढून भरत जा. स्वास्थ्याची वर्षे ४०, ८०, ४०, ४०, अशी अथनिएल, एहूद, दबोरा आणि गिदोन यांच्यापर्यंत येतात. गिदोनानंतर (८:२८) तो चौकोन पुन्हा कधीच भरत नाही. शमशोनापर्यंत आलात की टाहोही नाही: १३:१ मध्ये पलिष्ट्यांच्या हाती ४० वर्षे दिले गेले एवढेच, लोक ओरडलेसुद्धा नाहीत. समाज कसा खालावत गेला हे निवेदक सांगत बसत नाही, सूत्राचे तुकडे गाळतो. पुस्तक सलग वाचताना हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

वस्तूही अशाच फिरतात. याकोब बापाला फसवतो ते करडांच्या कातड्याने आणि भावाच्या कपड्यांनी (उत्पत्ती २७). त्याची मुले त्याला फसवतात ती बकऱ्याच्या रक्ताने आणि योसेफाच्या झग्याने (३७:३१-३३). ‘ओळखा पाहू’ असे म्हणून झगा पुढे करणाऱ्यांत यहूदा आहे. पुढच्याच अध्यायात तामार त्याच्याच वस्तू पुढे करून तेच शब्द त्याला ऐकवते (३८:२५, क्रमांक ५२३४), आणि त्या वस्तू तिच्याकडे आल्या होत्या एका करडाच्या बदल्यात गहाण म्हणून. ३८वा अध्याय योसेफाच्या कथेत उपराच घुसला आहे असे वाटते. ३७:३६ आणि ३९:१ शेजारी ठेवा: योसेफ पोटीफरला विकला गेला, हे सोडलेले वाक्य पुन्हा उचलून कथा पुढे जाते. मधली कथा कंसात टाकण्याची ही रीत. कंसाच्या दोन बाजू जुळ्या नाहीत, एकीकडे मिद्यानी आणि दुसरीकडे इश्माएली आहेत. ती नोंद तक्त्याखाली जाऊ द्या.

लांब धागा तपासताना वस्तू, शब्द आणि प्रसंग या तिघांपैकी दोन तरी जुळले पाहिजेत. नुसता बकरा म्हणाल तर जुन्या करारात बकऱ्यांना तोटा नाही.

कोणत्या क्रमाने सराव करावा

आधी बाबेल, मग उत्पत्ती ३९. तिसऱ्या बैठकीला उत्पत्ती २२:१-१९ घ्या, पण आरसा शोधायला नव्हे. ‘ते दोघे बरोबर चालले’ हे सहाव्या आणि आठव्या ओवीत येते. १९व्या ओवीत चाकरांसह बरोबर चालणे पुन्हा येते आणि तिथे इसहाकाचे नाव नाही. त्यावर चर्चा करताना ‘मग तो गेला कुठे’ याचे उत्तर गटाने रचू नये. पाठ गप्प आहे, तेवढेच लिहा.

नंतर योना, चार अध्याय, ४८ ओव्या, दोन बैठकी. १:१-३ आणि ३:१-३ समोरासमोर लिहून सुरुवात करा: तीच आज्ञा, पहिल्यांदा पळ, दुसऱ्यांदा आज्ञापालन. मग ‘खाली उतरणे’ (३३८१) शोधा: याफोला, जहाजात, तळघरात, शेवटी डोंगरांच्या मुळांपर्यंत. ‘मोठे’ (१४१९) हा शब्द नगरालाही लागतो, वाऱ्यालाही, माशालाही. मराठीत तो ‘महान’, ‘प्रचंड’, ‘मोठा’ असा विखुरलेला मिळण्याचा संभव आहे, म्हणून इथे क्रमांकाशिवाय काम करू नका. वीस-पंचवीस ओव्यांना दोन तास हा हिशेब धरा, त्याहून जोरात गेलात तर लाल पेन्सिल कोरीच राहते.

रूथ, ८५ ओव्या, त्यानंतर. एस्तेर सर्वांत शेवटी. तिची रचना मोठी आहे आणि जोड्या ठसठशीत: राजाची अंगठी हामानाला (३:१०) आणि मर्दखयाला (८:२), पहिला हुकूम (३:१२) आणि दुसरा (८:९), तरट (४:१) आणि राजवस्त्र (८:१५). गोव्यात हा पाठ घेताना एक अडचण हमखास येते. कॅथलिक आवृत्त्यांत ग्रीकमधून आलेले जास्तीचे भाग असतात, प्रार्थना असतात. हिब्रू एस्तेरमध्ये १६७ ओव्या आहेत आणि देवाचा उल्लेख एकदाही नाही. दोन आवृत्त्या एका टेबलावर आल्या की कोणाचा आरसा कोणाशी जुळत नाही. जास्तीचे भाग पेन्सिलीने कंसात टाका, आणि त्याआधी ६:१ उघडून पाहा, कारण कथा तिथेच उलटते. ‘त्या रात्री राजाला झोप येईना’ असे असेल तर तो हिब्रूवरून आलेला पाठ आहे. परमेश्वराने राजाची झोप उडवली असे असेल तर ग्रीकवरून आलेला, आणि त्या प्रतीवर या कामाच्या खुणा करायच्या नाहीत.